फूटरेस्टवरचं ऊन

वाळूजच्या कारखान्यांची पहिली पाळी दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास सुटते. मे महिन्यात पारा सगळ्यात वर असतो तो याच वेळी. सकाळी सातच्या आधी लावलेली मोटारसायकल तोवर आठ तास उभी असते, कुठे पत्र्याखाली, कुठे उघड्यावर. माणूस बाहेर येतो, डब्याची पिशवी हँडलला अडकवतो, बाटलीतलं उरलेलं पाणी सीटवर शिंपडून तळहातानं पुसतो, रुमाल बांधून वर हेल्मेट चढवतो आणि निघतो. थोड्याच वेळात ओअ‍ॅसिस चौकापासून पंढरपूर, गोलवाडी ते थेट नगर नाक्यापर्यंतचा रस्ता दुचाक्यांनी भरून जातो.

दिवाळी अंकासाठी ‘ऊन’ हा विषय संपादकांनी उन्हाळ्यातच कळवला होता. त्यामुळे बघायला जायचं तर तेव्हाच, हे उघड होतं. डोक्याला काय बांधावं, पाणी किती प्यावं, पन्हं कधी घ्यावं, याबद्दल दर उन्हाळ्यात भरपूर छापून येतं. पायांबद्दल येत नाही. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे पाय मात्र सगळ्यात वाईट जागी असतात: एका बाजूला इंजिन, खाली सायलेन्सरचा पाइप, त्याखाली वीत-दोन वीत अंतरावर तापलेलं डांबर. म्हणून मी रस्त्याच्या कडेला उभी राहून फक्त पाय बघितले. काळे सेफ्टी शूज सगळ्यात जास्त. मग स्लीपर, सँडल, मळलेले कॅनव्हास, एखादी कोल्हापुरी. मोजे थोड्यांच्याच पायांत. सिग्नलला गाड्या थांबल्या की उजवा पाय फूटरेस्टवरून उचलून हवेत धरणारे बरेच दिसले. काही जण दोन्ही पाय बाहेर पसरून टाचा टेकवत होते. जणू इंजिनापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं होतं.

हे शहर, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, मोटारसायकली बनवणारं आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. एन्ड्युरन्ससारखी कंपनी इथेच जन्मली; तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेक आज देशभरातल्या गाड्यांना लागतात. बनवणारा माणूस ती गाडी चालवत कामावर येतो आणि चालवत घरी जातो. शहरात राहून वाळूजला जाणाऱ्याच्या सकाळीही सूर्य पाठीशी असतो आणि दुपारी परततानाही पाठीशी, कारण वाळूज पश्चिमेला आहे. त्याच्या पोटऱ्या आणि टाचा भाजतात. चिकलठाणा किंवा शेंद्र्याकडे जाणाऱ्याचं उलटं होतं: सकाळीही ऊन समोरून, परततानाही समोरून. त्याचे चवडे तापतात. भर बाराला मात्र, मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य इथे जवळजवळ नेमका डोक्यावर असतो तेव्हा, स्वाराच्या मांडीची सावली त्याच्याच पावलावर पडते. पायांना खरा त्रास होतो तो ऊन तिरपं झाल्यावर, म्हणजे पाळी सुटण्याच्या वेळी.

इंजिन किती उष्णता टाकतं

१ लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या हिशेबानं साधारण ९ युनिट ऊर्जा असते. १०० सीसीची गाडी लिटरला ६० किलोमीटर जाते असं धरलं आणि वेग ताशी ४० ठेवला, तर तासाला अंदाजे ६ युनिट जळतात. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाक फिरवायला उपयोगी पडतो. उरलेली चारेक युनिट निव्वळ उष्णता असते. म्हणजे बाथरूममधले दोन गिझर गुडघ्यांच्या मध्ये चालू ठेवून माणूस घरी निघालेला असतो. यातली निम्म्याच्या आसपास उष्णता सायलेन्सरमधून मागे जाते. बाकीची इंजिनाच्या फिन्समधून, म्हणजे सिलिंडरवरच्या त्या पातळ पात्यांमधून, हवेत सुटते आणि ती हवा वाटेत पाय गाठते.

दोन्ही पायांच्या वाट्याला ही उष्णता सारखी येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो. इंजिनाच्या तोंडातून निघणारा बेंड पाइप खाली वळून उजव्या फूटरेस्टच्या जवळून मागे जातो. म्हणून उजवा पाय जास्त तापतो आणि सिग्नलला तोच आधी उचलला जातो. मागे एका बाजूला बसणाऱ्या बायका डावीकडे पाय सोडतात, म्हणून त्या सायलेन्सरपासून वाचतात. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या मुलामुलींच्या उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा गोल डाग असतो. कित्येक घरांत असा डाग असलेलं कुणीतरी असतंच.

गाडीच्या ठेवणीवरही बरंच अवलंबून असतं. रोजच्या वापराच्या गाडीत फूटरेस्ट इंजिनाच्या बाजूलाच असतं, पावलाची आतली कड इंजिनाच्या कव्हरपासून दोन-चार बोटांवर. स्पोर्ट्स गाडीत फूटरेस्ट मागे सरकलेलं असतं. पाय इंजिनापासून सुटतो पण सायलेन्सरजवळ येतो. अ‍ॅव्हेंजरसारख्या क्रूझरवर पाय इंजिनाच्या पुढे पसरलेले असतात, तिथे इंजिनाची हवा लागत नाही, पण रस्त्यावरची गरम हवा थेट तळव्यावर आदळते. लिक्विड कूल्ड गाड्यांची गोष्ट वेगळी. धावताना त्या बऱ्या वाटतात, पण सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की सगळी गरम हवा नडग्यांवर सोडतो.

आणि स्कूटर? एका मध्यमवयीन गृहस्थांनी मला सांगितलं की त्यांच्या वडिलांची जुनी चेतक होती तेव्हा पाय भाजल्याचं त्यांना आठवत नाही. हे नुसतं गतकाळाचं कौतुक नाही. १९७२ पासून रस्त्यावर आलेल्या चेतकचं इंजिन मागे उजवीकडे पत्र्याच्या आत होतं, त्याला स्वतःचा पंखा होता, आणि चालवणाऱ्याचे पाय पुढच्या रुंद पत्र्याच्या आडोशाला असत. इंजिनही लांब, वाराही अडलेला. वारा अडला म्हणून पाय गार राहिले, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यातलं इंगित तेच आहे.

वारा कुठे उलटतो

पाय हे शरीराचं उष्णता बाहेर टाकण्याचं मोठं साधन आहे. दोन्ही पावलांत मिळून सुमारे २.५ लाख घामग्रंथी असतात. तळपायाच्या कातडीखाली धमनीतलं रक्त थेट शिरेत नेणाऱ्या जोडवाटा असतात. शरीर तापलं की त्या उघडतात, तळव्याकडे रक्ताचा लोंढा येतो आणि उष्णता बाहेर पडते. रात्री झोपेत पांघरुणाबाहेर पाय काढावासा वाटतो तो याचमुळे.

पण उष्णता बाहेर जायची तर बाहेरची हवा कातडीपेक्षा थंड हवी. उन्हाळ्यात कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा ३० अंश असेल तर वारा उष्णता घेऊन जातो. हवा ४२ अंश असेल तर वारा उष्णता आणून देतो, आणि वेग जितका जास्त तितकी जास्त आणतो. जागतिक आरोग्य संघटना उष्णतेच्या लाटेत पंखा ४० अंशांच्या खालीच वापरा असं सांगते, त्यामागे हाच विचार आहे. ताशी ६० किलोमीटरनं जाणारा दुचाकीस्वार तर कुठल्याही छताच्या पंख्यापेक्षा जोरदार वाऱ्यात बसलेला असतो.

या अवस्थेत पायाला वाचवणारी एकच गोष्ट उरते, घाम वाळणं. १ ग्रॅम पाणी वाळताना जवळजवळ अडीच हजार ज्यूल उष्णता शोषून घेतं. आपल्या भागातली उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे घाम पटकन वाळतो आणि हे काम उत्तम होतं. इथल्या घराघरात कूलर चालतो तो याच कोरडेपणावर. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर सावलीतलं, वारा लागणारं ओलं फडकं २२ अंशांपर्यंत गार होऊ शकतं. माठातलं पाणी, खिडकीतले वाळ्याचे पडदे, कूलरच्या बाजूंच्या जाळ्या, सगळ्यांचं गणित एकच.

मुंबई किंवा रत्नागिरीचा माणूस इथे येऊन चुकतो तो याच ठिकाणी. तिकडे हवा ३३ अंश आणि दमट असते; ओलं फडकं तिथे फार तर २८-२९ अंशांपर्यंत उतरतं, पण वारा तिथे उपयोगी पडतो. उघडी चप्पल घालून वारा लागू द्यावा, हा सल्ला किनाऱ्यावर बरोबर आहे. तोच सल्ला मेमध्ये गंगापूर-वैजापूरच्या रस्त्यावर चालत नाही. इथे उघड्या पायावरचा घाम सुटताक्षणी वाळतो, वाऱ्याच्या मानानं तो पुरा पडत नाही, आणि मग पायाला उरतो तो गरम वारा, तिरपं ऊन आणि सायलेन्सरची झळ. टाचांना उन्हाळ्यात भेगा पडतात त्या अशाच.

बंद बुटात उलटी अडचण होते. वारा आणि ऊन बाहेर राहतं, पण घामालाही बाहेर पडता येत नाही. न वाळलेला घाम काही गार करत नाही, नुसता मोजा भिजवतो. तेव्हा पायाला हवं ते असं: ऊन अडवणारं, गरम वाऱ्याचा जोर मोडणारं आणि तरीही वाफ बाहेर जाऊ देणारं आवरण. मला पटलेली गोष्ट ही एवढीच आहे, आणि या लेखातलं बाकी सगळं तिच्याच भोवती फिरतं. कोरड्या उन्हाळ्यात पाय उघडा ठेवून गार होत नाही. तो झाकून, पण श्वास घेऊ देऊन गार राहतो.

अंगठ्याचे मोजे

हे शास्त्र न मांडता ज्यांनी प्रत्यक्षात आणलं त्या शहरातल्या दुचाकीवरच्या बायका आहेत. गुलमंडी, पैठण गेट, टीव्ही सेंटर, कुठेही मार्च संपता संपता हातगाड्यांवर तोच माल दिसायला लागतो: पांढरे सुती सनकोट, कोपरापर्यंतचे हातमोजे, मोठे स्टोल आणि अंगठा वेगळा असलेले मोजे. बहुतेक फिक्या रंगाचे. अंगठ्याची खाच असल्यामुळे ते चपलेत किंवा सँडलमध्ये घालता येतात. मुळात हे उन्हानं पाय काळवंडू नयेत, चपलेच्या पट्ट्यांचे डाग पडू नयेत म्हणून घेतले जातात. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “काळं पडू नये म्हणून घेतले होते, आता चटका बसत नाही म्हणून घालते. नुसत्या पायानं आता जमतच नाही.”

त्यांच्या पायांकडे नीट पाहिलं तर सगळं जुळलेलं दिसतं. फिका रंग उन्हाचा मोठा हिस्सा परतवतो. सुती कापड घाम पकडून धरतं, तो एकदम उडून न जाता हळूहळू वाळतो. सँडल उघडी असल्यामुळे वाफेला सगळीकडून वाट मिळते. फक्त विकत घेताना बोटांनी चोळून बघायला हवं. हातगाडीवर मिळणारे पुष्कळ मोजे निव्वळ नायलॉनचे असतात, ते ऊन अडवतात पण घाम धरत नाहीत. सुती थोडे महाग असतात आणि पटकन विरतात.

पुरुष हे वापरत नाहीत. विचारलं तर हसण्यावारी नेतात. मोठ्या बाइकवरून लांब फिरणाऱ्या तरुणांचा एक गट आहे, ते खास रायडिंगचे, जाळीदार हवेशीर बूट वापरतात आणि त्यांच्यात कापूस बरा की लोकर बरी यावर खऱ्या अर्थानं अभ्यासपूर्ण वाद होतात. पातळ लोकरीचा मोजा घाम शोषूनही त्वचेला कोरडा लागतो हे खरं आहे, आणि त्याला वासही कमी येतो. घोट्यावर आवरण असलेला बूट घातलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो आणि तो योग्यच आहे, कारण दुचाकीच्या अपघातात सगळ्यात जास्त जखमा कमरेखाली होतात. पण या बुटांची किंमत डिलिव्हरीच्या मुलाच्या आवाक्यातली नाही. त्याला मी स्लीपर का घालतोस असं विचारलं. तो म्हणाला, “ताई, दिवसातून चाळीसदा जिने चढायचे. लोकांच्या दारात बूट काढायला सांगतात.” कायद्यानं स्लीपरवर दंड होतो असा समज २०१९ साली फार पसरला होता, तेव्हा नितीन गडकरींच्या कार्यालयानं तसा दंड नाही, असा खुलासा केला होता. दंड नसला तरी ब्रेक दाबताना निसटणारी स्लीपर धोक्याचीच. मागे पट्टा असलेली सँडल आणि सुती मोजा, हे त्या मुलाला परवडणारं आणि जिन्यांनाही चालणारं उत्तर आहे.

कोल्हापुरीचं नाव इथे घेतलं पाहिजे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं वाफ अडवत नाही, आणि जाड तळवा रस्त्याची धग वर येऊ देत नाही. चालायला उन्हाळ्यात तिच्यासारखं पायताण नाही. मोटारसायकलवर मात्र गियरचा खटका पायाच्या पंज्यानं उचलायचा असतो, तिथे ती सरकते. टाच आणि पंजा दोन्हींनी दाबायचा लांब गियर असलेल्या गाडीवर जुनी माणसं कोल्हापुरी घालून आयुष्यभर चालवत आली आहेत. नव्यानं शिकणाऱ्यानं ते करू नये.

ओला मोजा

पाणी वापरून पाय गार ठेवायची युक्ती लांबचा प्रवास करणाऱ्यांना माहीत आहे. निघताना सुती मोजे ओले करून पिळायचे, वर जाळीदार बूट किंवा सँडल घालायची. हिशेब करून पाहिला तर दोन्ही मोज्यांत मिळून ५० मिलिलिटर पाणी राहिलं, म्हणजे अर्धा कपही नाही, आणि ते अर्ध्या तासात वाळलं तर तेवढ्यात सव्वा लाख ज्यूलच्या घरात उष्णता शोषली जाते. सगळी काही पायातून जात नाही, काही गरम हवेतून जाते. तरीही नगर नाका ते वाळूज एवढ्या अंतराला ते पुरतं. जालन्याला किंवा कन्नड घाटाकडे निघालात तर मध्ये थांबून पुन्हा ओलं करावं लागतं.

दोन अटी आहेत. बूट हवेशीर नसेल तर ओला मोजा आत नुसता शिजतो. आणि पाय दिवसभर ओला ठेवायचा नाही. भिजून मऊ झालेली कातडी घासली जाऊन फोड येतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कामावर पोचल्यावर पाय पुसून कोरडे मोजे घालायला हवेत. डिकीत किंवा डब्याच्या पिशवीत एक जोडी जास्त असली म्हणजे झालं. जून उलटून हवेत ओल आली की ही युक्ती संपते.

या शहरात पाणी पायावर घालायचं म्हटलं की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर आहे, तरी कितीतरी वस्त्यांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि टँकरची वाट बघावी लागते. मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहरींमधून हे गाव भिजवलं होतं, त्याच पद्धतीच्या नहरीचं पाणी पाणचक्कीच्या हौदात अजून दिसतं. मी ज्यांना ओल्या मोज्यांबद्दल विचारलं त्यांतल्या एका मावशींचं उत्तर सरळ होतं: तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जातं, हात धुतलेलं पाणी मोज्यांना जाऊ शकतं. अर्धा कपच लागतो म्हटल्यावर त्यांना ते मान्य झालं.

पाय गार केले म्हणजे उष्माघात टळला असं मात्र समजू नये. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी वयस्क माणसांना तापवलेल्या खोलीत बसवून त्यांचे पाय गार पाण्यात बुडवून पाहिले. त्यांना बरं वाटलं, पण शरीराच्या आतलं तापमान फारसं उतरलं नाही. पायांचा गारवा हा सोसण्याची ताकद वाढवतो, लक्ष रस्त्यावर राहू देतो. चक्कर, मळमळ, घाम थांबणं असं काही झालं तर गाडी सावलीत घेऊन थांबण्याला पर्याय नाही.

पॅकिंग बघा

मुकुंदवाडीकडच्या एका गॅरेजमध्ये उन्हाळ्यात ‘पाय भाजतोय’ ही तक्रार घेऊन गिऱ्हाईक येतं. तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं, “नवीन कव्हर लावून द्या म्हणतात. मी म्हणतो, आधी पॅकिंग बघू द्या.” इंजिनाचं तोंड आणि बेंड पाइप जिथे जुळतात तिथे एक गोल पॅकिंग असतं. ते जळलं की तिथून गरम वायू फुसफुसत बाहेर येतो आणि तो नेमका उजव्या पायाच्या दिशेनं. गाडीचा आवाज थोडा फाटतो, पण रोज चालवणाऱ्याच्या कानाला तो सवयीचा होऊन जातो. हे पॅकिंग काही मोठ्या खर्चाचं काम नाही.

त्यानं आणखी बऱ्याच गोष्टी दाखवल्या. फिन्समध्ये शेतातला चिखल वाळून बसलेला असतो; गावाकडच्या गाड्यांत तर दोन पात्यांमधली फट दिसतच नाही. उष्णता बाहेर जायची वाटच बंद. पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला बांधलेला फ्लेक्सचा तुकडा उन्हाळ्यातही तसाच राहतो आणि इंजिनाला लागणारा वारा अडवतो. ब्रेक चिकटलेला असेल, चेन कोरडी असेल, ऑइल जुनं काळं झालेलं असेल तर तेच अंतर कापायला इंजिन जास्त जळतं आणि जास्त तापतं. मायलेज वाढावं म्हणून पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं सेटिंग करून घेणारे पुष्कळ, त्यानंही इंजिन तापतं. सायलेन्सरवरची जाळी खडखडते म्हणून काढून फेकणारेही असतात. ती जाळी परत लावून घ्या असं तो प्रत्येकाला सांगतो, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

सिग्नलला काय करावं? हवेनं गार होणाऱ्या इंजिनाला उभ्या जागी वारा मिळत नाही, म्हणून लांब सिग्नल असेल तर गाडी बंद करणंच बरं. पण जालना रोडवर दुपारी दोनला उभं राहावंच का लागावं, हाही प्रश्न आहे. पुदुच्चेरीत २०२४ च्या उन्हाळ्यात सिग्नलवर हिरव्या जाळीचं छत घातलं, त्याचे फोटो देशभर फिरले. अहमदाबादनं २०१३ साली उष्णतेच्या लाटेसाठी शहराचा आराखडा केला, आणि तिथे अलीकडच्या उन्हाळ्यांत दुपारी काही सिग्नल बंद ठेवले गेले. आपल्या शहरातल्या मोठ्या चौकांवर जाळी टाकणं हे काही अवघड काम नाही. डांबर उन्हात ६० अंशांच्या घरात जातं, साइड स्टँड त्यात रुततो. सावली पडली तर तेही उतरेल आणि टेकलेला पायही वाचेल.

ज्यांना चटका कळत नाही

‘पायांची आग होते’ ही तक्रार आपल्या घरांत जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायचं, वाटी काळी पडेपर्यंत. आजीच्या हातानं हे झालेल्या माणसाला त्याचं सुख सांगायला नको. तळव्याला मेंदी लावणारीही माणसं आहेत. दिवसभर गाडीवर फिरून आल्यावर हे करायला काहीच हरकत नाही. भेगाळलेल्या कातडीला तूप लागतंच.

पण रोज रात्री आग होत असेल, मुंग्या येत असतील, तर साखर तपासली पाहिजे. मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. सुरुवातीला आग होते आणि पुढे काहीच कळेनासं होतं, आणि दुचाकीवर खरा धोका या दुसऱ्या टप्प्यात आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी कातडी किती अंशांना किती वेळात भाजते हे मोजलं होतं. ६० अंशांना काही सेकंद पुरतात हे आपल्याला ठाऊक असतं. पण ४४ अंशांची वस्तूही काही तास टेकून राहिली तर कातडी भाजते. धडधाकट माणूस अर्ध्या मिनिटात पाय हलवतो. बधिर पाय हलत नाही. इंजिनाच्या कव्हरला टेकलेला घोटा, उन्हात तापलेलं फूटरेस्ट, पातळ स्लीपर, आणि घरी आल्यावर मोजा काढताना दिसणारा फोड. अशी जखम महिनोन् महिने भरत नाही. मधुमेह असलेल्या दुचाकीस्वारानं उन्हाळ्यात उघड्या पायानं गाडी चालवू नये आणि घरी आल्यावर तळवे आरशात किंवा घरच्या माणसाकडून बघून घ्यावेत. ओला मोजाही त्यांनी टाळावा. एवढं ऐकलं तरी कित्येक पाय वाचतील.

भाजणाऱ्या पायांची एक जुनी कथा याच जिल्ह्यातली आहे. पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळवंटात एक मूल रडत उभं होतं. संत एकनाथ स्नान करून येत होते. मूल महाराचं आहे हे माहीत असून त्यांनी ते कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. ही कथा आपण समतेची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्या मुळाशी एका माणसानं दुसऱ्याचे पाय भाजताना पाहिले, हेही आहे.

गेटच्या आत आणि बाहेर

पैठण रस्त्यावर बिडकीनला ऑरिकची औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. अ‍ॅथर एनर्जीनं २०२४ मध्ये तिथे इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना काढायचं जाहीर केलं. विजेच्या मोटारीत ऊर्जेचा फार थोडा भाग उष्णता होऊन वाया जातो, तेव्हा पायाजवळचे ते चार युनिट जवळजवळ जातील. रस्त्याची धग आणि तिरपं ऊन राहील. आणि कामगाराच्या पायात सेफ्टी शूज राहतील.

या बुटांबद्दल कुणाचीच तक्रार नाही, असायलाही नको. भारतीय मानक १५२९८ नुसार चवड्यावरच्या टोपीनं २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा, म्हणजे २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं शाबूत राहिली पाहिजेत. प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये त्यानं माणसं धडधाकट घरी जातात. पण जाड कातडं, पोलादी टोपी, पॉलियुरेथेनचा तळवा आणि आठ तासांचा घाम घेऊन तोच बूट जेव्हा मोटारसायकलवर चढतो, तेव्हा बाहेर ४२ अंश, आत वाफ, आणि बाजूला इंजिन. वाहनासाठी तो कुणी बनवलेलाच नाही. टोपीत बोटं हलत नाहीत, हवा शिरत नाही. कामगारांच्या बोटांत चिखल्या बारा महिने असतात.

उपाय त्यांनाच माहीत आहे. बजाजनगरमध्ये भाड्यानं राहणारे दोन भाऊ मला भेटले. थोरला ज्या कारखान्यात आहे तिथे लॉकर मिळतो. तो बूट आत काढून ठेवतो, पाय धुतो, मोजे तिथेच ओले करून पिळतो आणि सँडल घालून गाडी काढतो. बूटही रात्रभर उघडे राहून वाळतात. धाकटा शेजारच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. त्याला लॉकर नाही, म्हणून तो बूट घालूनच येतो आणि घालूनच जातो. बदलायचे तर काढलेले बूट हँडलला लटकवून न्यायचे, आणि हरवले तर नवे पगारातून.

भिंतीला लोखंडी अँगलची मांडणी आणि त्यावर नंबर, यापलीकडे काही लागत नाही. धाकट्यानं गेटवर विचारलंही होतं. तिथे त्याला सांगितलं की ठेक्याच्या माणसांचं ठेकेदार बघेल. ठेकेदार म्हणाला, मांडणी लावायची तर जागा कंपनीची आहे, मी कुठे लावू?